आधी सांगा, दूरदर्शनवर तुम्हाला काय आवडायचं?

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, बघायचंय, सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं की मी लगेच नावं सांगत नाही, आधी विचारते की तुम्हाला दूरदर्शनवर काय आवडायचं. समोरचा माणूस जरा थबकतो, कारण त्याला वाटलेलं असतं आता ही डेथ नोट, नारुतो, वन पीस अशी यादी काढणार. ती यादी तर कॉलेजातला कुठलाही मुलगा देतो, माझ्या भाच्याच्या फोनमध्ये तयारच आहे, पण त्या यादीने आमच्या घरातलं एकही मोठं माणूस ॲनिमेकडे वळलं नाही. जे वळले ते सगळे जुन्या मालिकांच्या रस्त्याने आले, आणि म्हणून मला तोच रस्ता खरा वाटतो.

आम्ही इंदूरचे मराठी. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि टीव्ही पूर्ण हिंदी. मुंबई दूरदर्शनवरचं चिमणराव-गुंड्याभाऊ वगैरे आम्ही पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून फक्त ऐकलेलं. आमच्या रामबागेतल्या घरात जे आलं ते दिल्लीहून आलेलं राष्ट्रीय प्रसारण, मालगुडी डेज, विक्रम और बेताल, भारत एक खोज, नुक्कड, ब्योमकेश बक्षी, आणि मग रविवारी सकाळचा मोगली.

मोगलीपासूनच सुरू करते, कारण माझ्या पिढीतल्या बहुतेकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं की तो मोगली जपानी होता. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने १९८९ मध्ये जपानी टीव्हीसाठी बनवलेली ५२ भागांची मालिका, ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनने हिंदीत आणली. गुलजारांनी शब्द लिहिले, विशाल भारद्वाजने चाल लावली आणि शेरखानला आवाज दिला नाना पाटेकरने. आमच्याकडे शेरखान बोलला की बाबा पेपर खाली ठेवून म्हणायचे, अरे हा आपला नाना. किपलिंगने ती गोष्ट बसवली सिवनीच्या डोंगरात आणि वैनगंगेच्या काठी, म्हणजे आमच्याच मध्य प्रदेशात. एका इंग्रज लेखकाने आपल्या राज्यातल्या जंगलावर लिहिलेलं जपान्यांनी चित्रात काढलं, त्याला उर्दूच्या कवीने गाणं दिलं, आणि इंदूरमधल्या मराठी पोरी पोह्याची बशी मांडीवर घेऊन ते बघत बसल्या. म्हणजे ॲनिमे आपल्याकडे काल-परवा आलेलं नाही, ज्यांना वाटतं ते नव्या पोरांचं खूळ आहे त्यांनी स्वतः ते वर्षभर दर रविवारी बघितलंय.

आता मला जे खरं सांगायचंय ते. त्या काळात दूरदर्शन मालिका मंजूर करायचं ती तेरा-तेरा भागांनी. वर्षाचे ५२ आठवडे, त्याचे चार तुकडे, एका तुकड्यात १३ भाग, आठवड्याला एक. शंकर नागच्या मालगुडी डेजचे मूळ भाग ३९, म्हणजे तेर त्रिक एकोणचाळीस. श्याम बेनेगलांचं भारत एक खोज ५३ भागांचं, म्हणजे तेर चोक बावन्न आणि वर एक. आणि जपानमध्ये आजही बहुतेक ॲनिमे ह्याच हिशेबाने बनतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार हंगामांत, बारा किंवा तेरा भाग, आठवड्याला एक, आणि गाणी धरून चोवीस-पंचवीस मिनिटांचा खेळ. आपल्याकडे दोन हजार सालानंतर सगळीकडे रोजच्या मालिकांचंच राज्य झालं आणि हा तेराचा पाढा सुटला. रोजच्या मालिकेला शेवट माहीत नसतो, टीआरपी आहे तोवर सून रडत राहते, आणि मग लोक म्हणतात की आता पूर्वीसारख्या मालिका बनत नाहीत. बनतात की! फक्त त्या जपानीत बनून राहिल्यात. ज्या माणसाला मालगुडी आवडली त्याला शेवट ठाऊक असलेली, दम धरून सांगितलेली, एका बैठकीत संपणारी गोष्ट आवडते, त्याला अनुपमाही नको असते आणि अकराशेहून जास्त भागांचं वन पीसही.

मोठ्या माणसांची पहिली तक्रार सबटायटल्सची असते, की चित्र बघू की वाचू. त्यांना मी रविवार दुपारची आठवण देते. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमा लागायचा, खाली इंग्रजी अक्षरं, एक आठवडा बंगाली, एक आठवडा मल्याळम, कधी आसामी. आम्ही मराठीची पाळी कधी येते ह्याकडे डोळे लावून बसायचो, कारण इंदूरमध्ये टीव्हीवर मराठी सिनेमा दिसायचा तो असाच, आणि त्या दिवशी शेजारचे जोशी-करंदीकर सगळे आमच्याकडे जमायचे. पण बाकीचे रविवारही बाबा सोडायचे नाहीत. ज्या माणसाने जेवण झाल्यावर डुलक्या घालवत अक्षरं वाचून सत्यजित राय बघितलाय त्याला जपानी काय जड जाणार. ज्यांना अगदीच नको त्यांच्यासाठी आता बऱ्याच मालिकांचे हिंदी डब निघालेत, खुशाल घ्यावेत, मोगली आपण डबच बघितला होता ना.

तर मालगुडी किंवा विक्रम-बेताल आवडलेल्यांना मी मुशिशी देते. २००५-०६ मधली, २६ भागांची, प्रत्येक भागात वेगळी गोष्ट, त्यामुळे कुठूनही बघा. गिंको नावाचा पांढऱ्या केसांचा माणूस पाठीला पेटी लावून गावोगाव फिरतो. मुशी म्हणजे धड प्राणी नाही, धड झाड नाही, जिवाचं अगदी पहिलं कच्चं रूप, बहुतेकांना न दिसणारं, आणि त्यापायी कुणाला कमी ऐकू येतं, कुणाची स्वप्नं खरी होतात, असं काहीबाही होतं आणि गिंको ते समजून घेतो. पहिल्याच भागात एक मुलगा आहे, तो डाव्या हाताने जे काढतो ते जिवंत होतं, म्हणून आजीने त्याला डाव्या हाताने काढायला बंदी केलेली. आणखी एका भागात एक मुलगी मुशींच्या गोष्टी कागदावर लिहून ठेवते आणि ती अक्षरं कागदावरून उठून भिंतीवर चालायला लागतात. माझी आत्या देवासला असते, लहानपणी उज्जैनला गेलो की ती आम्हाला विक्रमादित्याच्या सिंहासनाच्या गोष्टी सांगायची, तिला हे दाखवलं तर ती भाग संपल्यावर काही बोलेना, मग म्हणाली, ह्यात वाईट कुणीच नाही का गं? नाहीच. मुशी वाईट नाहीत, माणसंही नाहीत, दोघं एकमेकांच्या वाटेत आलेत एवढंच. वेताळाच्या गोष्टीतही राजाला बरोबर-चूक ठरवायला लागतं तेव्हा प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर असतंच, आत्याला ते लगेच समजलं, भाच्याला समजायला वेळ लागला, त्याला फाइट हवी होती.

ब्योमकेशवाल्यांना मॉन्स्टर. बाबा ब्योमकेशवाले. १९९३ ची बासु चॅटर्जींची मालिका, धोतर नेसलेला रजित कपूर, सोबत के. के. रैनाचा अजित, खून झालाय तरी कुणी धावत नाही, ओरडत नाही, विचार करतात. मॉन्स्टर ७४ भागांची आहे म्हणून मी जरा बिचकत दिली होती. गोष्ट अशी की जर्मनीत काम करणारा डॉक्टर टेन्मा, मेंदूचा सर्जन, वरिष्ठांचा हुकूम मोडून महापौराऐवजी आधी आणलेल्या एका लहान मुलावर ऑपरेशन करतो, कारण जीव सगळ्यांचा सारखा. मुलगा वाचतो. काही वर्षांनी कळतं की तो मुलगा थंड डोक्याने माणसं मारत सुटलाय. आता डॉक्टरने काय करायचं? एवढ्या एका प्रश्नावर ७४ भाग चालतात आणि एकदाही रेटून नेल्यासारखं वाटत नाही. त्यात लुंगे म्हणून एक इन्स्पेक्टर आहे, तो समोरच्याचं बोलणं ऐकताना हवेत टाइप केल्यासारखी बोटं हलवतो, म्हणजे सगळं डोक्यात साठवतो. बाबा बँकेत होते, लेजरची सवय, त्यांना तो लुंगे फार आवडला. रोज रात्री एकच भाग बघायचे, मी म्हटलं अहो बाबा दोन बघा की, तर म्हणाले नाही, दिवसभर विचार करायला काही तरी पाहिजे.

ह्याच्या उलट डेथ नोट. वाईट नाही, पहिले पंचवीसेक भाग तर जबरदस्तच, पण नंतर एक महत्त्वाचं पात्र जातं आणि मालिकेतला जीवच जातो, माझं तरी असंच मत आहे, भाचा भांडतो. आपल्याकडे चंद्रकांताचं असंच झालं, सुरुवात काय बहारदार, क्रूरसिंगचं यक्कू तर आमच्या गल्लीतलं पोरगं न पोरगं करायचं, पण गोष्ट लांबत लांबत कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही.

टिपरे ह्या मराठी मालिकेबद्दल सांगायचं तर मला थोडं मागे जावं लागेल. १९९९ मध्ये अल्फा मराठी हे चॅनल सुरू झालं आणि केबलवर इंदूरला दिसायला लागलं तेव्हा आमच्याकडच्या मराठी घरांत सणासारखं वातावरण होतं. आभाळमायाचं देवकी पंडितांनी गायलेलं शीर्षकगीत लागलं की आई गॅस बारीक करून बाहेर यायची. टीव्ही आपल्या घरातल्या भाषेत बोलतोय, रोज बोलतोय, सिनेमाची पाळी यायची वाट बघावी लागत नाहीये, हे ज्यांना जन्मापासून मिळालं त्यांना नाही कळणार. आणि मग श्रीयुत गंगाधर टिपरे. दिलीप प्रभावळकरांचे आबा, केदार शिंदेचं दिग्दर्शन, एक सून, एक मुलगा, दोन नातवंडं, आणि रोज रात्री आबांची अनुदिनी. त्यात काहीही घडायचं नाही म्हणजे केवढं घडायचं! मी ती परत बघितली अलीकडे, आणि लहानपणी मी नातीच्या, शलाकाच्या बाजूने असायचे पण ह्या वेळी सुनेकडे, श्यामलकडेच बघत राहिले. श्यामल झालेली शुभांगी गोखले कामावरून दमून आल्यावर पर्स ठेवते ना, त्या ठेवण्यातच सगळं असतं.

टिपरे आवडलेल्यांसाठी मार्च कम्स इन लाइक अ लायन. रेई नावाचा सतरा वर्षांचा मुलगा, अनाथ, शाळेत असतानाच व्यावसायिक शोगी खेळाडू झालेला, टोकियोत नदीकाठी एकटा राहतो. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ, नऊ बाय नऊचा पट, आणि त्यात मारलेली सोंगटी मेलेली नसते, ती मारणाऱ्याच्या हातात येते आणि त्याच्या बाजूने परत पटावर उतरते. रेईचंही तसंच आहे, एका घरातून उखडलेला हा मुलगा नदीपलीकडच्या घरात जाऊन बसतो, तिथे तीन बहिणी आणि त्यांचे आजोबा, आजोबांचं मिठाईचं दुकान. आजोबा अगदी आबांच्या जातकुळीतले, नातींवर जीव, नव्या मिठाईचं नाव काय ठेवायचं ह्यावर घरभर चर्चा. ४४ भाग आहेत, दोन हंगाम. दुसऱ्या हंगामात मधली बहीण हिना शाळेत छळ होणाऱ्या मैत्रिणीची बाजू घेते आणि मग छळ तिच्यावर उलटतो, ती रडते, घाबरलीये, पोटात दुखतंय, आणि तरी म्हणते की मी केलं ते चूक नव्हतंच. शाळेत जाणारी मुलं घरात असतील तर हे सोबत बसून बघा. आम्ही बघितलं, आणि भाचीने त्या रात्री तिच्या वर्गातलं असं काही सांगितलं जे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं. ते इथे लिहीत नाही.

पण माझ्या मते मराठी माणसाने बघायलाच पाहिजे अशी मालिका एकच, शोवा गेनरोकु राकुगो शिंजू. नाव लांब आहे, घाबरू नका. राकुगो म्हणजे जपानची कथा सांगायची कला, तीनेकशे वर्षांची जुनी. एक माणूस रंगमंचावर येतो, गादीवर गुडघे मोडून बसतो, जवळ एक पंखा आणि एक हातरुमाल, बस. उठायचं नाही. मान डावीकडे वळली की मालक, उजवीकडे वळली की नोकर, पंखा कधी चॉपस्टिक होतो, कधी चिलीम. आता हे आपल्याला कुणी समजावून सांगायला हवं का? आपण कीर्तन ऐकलंय, पुलंची बटाट्याची चाळ ऐकलीये, प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे एकटे वऱ्हाड निघालंय लंडनलामध्ये बावन्न माणसं उभी करायचे, त्याची कॅसेट आमच्याकडे इतकी वाजली की एका बाजूला खरखर यायला लागली होती.

मालिकेची गोष्ट दोन मित्रांची. दोघं एकाच दिवशी एकाच गुरूकडे शिष्य म्हणून येतात, एकाच्या अंगात कला नुसती वाहतेय आणि शिस्त नाही, दुसऱ्याकडे शिस्त आहे आणि आपल्यात ते वाहणारं काही नाही ह्याची आतून जळजळ. नाव गुरूकडून शिष्याकडे जातं, याकुमो सातवा, याकुमो आठवा, आपल्या घराण्यांसारखं, आणि ते कुणाला मिळणार ह्यावर आयुष्यं सरकतात. युद्धाचा काळ येतो. त्या वेळी खरोखरच १९४१ मध्ये कलाकारांनी त्रेपन्न गोष्टी, वेश्यावस्तीच्या, चोरट्या प्रेमाच्या, युद्धकाळात सांगायला नकोत म्हणून बाजूला काढल्या आणि टोकियोतल्या असाकुसाच्या होनपोजी मंदिरात त्यांचं थडगं बांधलं. गोष्टींचं थडगं! मालिकेत ती बंदी आहे, आणि सौम्य बाजाच्या ज्या कलाकाराला त्याच गोष्टी जमायच्या त्याचं काय होतं ते आहे. नंतर टीव्ही येतो, थिएटरं बंद पडत जातात, आणि उरलेला म्हातारा म्हणतो की ही कला माझ्यासोबत मरू दे.

इथे मी मालिका थांबवली होती. आमच्याकडे रवींद्र नाट्यगृहात मराठी नाटक लागलं की सगळं गाव भेटतं, पण त्यात पांढरे केस किती आणि काळे किती हे कुणालाही दिसतं. ज्यांची मुलं बंगळूरला नाही तर बाहेर देशी आहेत ते येतात, मुलं नाहीत. म्हणून तो म्हातारा याकुमो मला परका वाटलाच नाही. आणि मग त्याच्याकडे तुरुंगातून सुटलेला एक दांडगट पोरगा येतो, योतारो, त्याने तुरुंगात याकुमोची एकच गोष्ट ऐकलेली असते, मृत्युदेवाची, आणि तो दारात लोळण घेऊन म्हणतो मला शिकवा. घराण्याचा नाही, शिकलेला नाही, भाषा रस्त्यावरची. आणि वाचवतो तोच. १३ अधिक १२ भाग, पहिला भाग दुप्पट लांब, तो धीराने बघा. त्यात पूर्ण कथा सांगितल्या जातात, दहा-दहा मिनिटं नुसता एक माणूस बसून बोलतोय, आणि आवाज देणाऱ्या नटांनी, अकिरा इशिदा आणि कोइची यामादेरांनी, ते इतकं साधलंय की चित्र असूनही तुम्ही ऐकता.

भारत एक खोज वाल्यांसाठी झटक्यात, विनलँड सागा. पहिले २४ भाग एका मुलाचा सूड, रक्त, अकराव्या शतकातले वायकिंग, आणि पुढचे २४ भाग तोच मुलगा शेतावर गुलाम, जंगल तोडून जमीन नांगरतोय. खूप जणांना दुसरा हंगाम कंटाळवाणा वाटतो, मला तोच खरा वाटतो. बेनेगलांच्या मालिकेत ओम पुरींचा अशोक कलिंगनंतर ज्या नजरेने बघतो, ती नजर घेऊन माणूस पुढे रोज सकाळी उठून काय करतो, ते ह्या हंगामात आहे.

आईसाठी मला काही शोधावं लागलं नाही. युगो साको ह्या जपानी दिग्दर्शकाने आपल्या राम मोहनांबरोबर केलेलं रामायण, नव्वदच्या सुरुवातीचं, जानेवारी २०२५ मध्ये इथल्या थिएटरात परत लागलं तेव्हा तिला घेऊन गेले. त्याच्या जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला आवाज अरुण गोविलचा आणि रावणाला अमरीश पुरींचा होता, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने रामानंद सागरांचं रामायण परत दाखवलं तेव्हा तिने सगळं पुन्हा बघितलेलं, त्यामुळे तुलना सुरूच. सागरांचे बाण हवेत फार वेळ राहतात, हे ती स्वतःच म्हणाली. पण साकोंचा कुंभकर्ण उठतो तेव्हा तिने माझा हात धरला.

आता एक जागा रिकामी आहे, नुक्कड. कादरभाईचं हॉटेल, खोपडी, गुरू, कुंदन शाह आणि सईद मिर्झांनी उभा केलेला तो कोपरा. त्याच्या जवळ जाणारं मला एकच सापडलं, सातोशी कोनचा टोकियो गॉडफादर्स, २००३ चा, रस्त्यावर राहणाऱ्या तिघांना नाताळच्या रात्री कचऱ्यात तान्हं बाळ सापडतं. सिनेमा अव्वल आहे, हसवतो आणि रडवतो, डोळे झाकून बघा. पण तो शेवटी सिनेमा, मालिका नव्हे. बाबांनी बघितला, आवडला, आणि दीड तासाने विचारलं, ह्या तिघांचं पुढच्या आठवड्यात काय होतं? कुणाकडे उत्तर असेल, म्हणजे निदान तेरा भागांचं, तर मला नक्की कळवा, ते वाट बघून राहिलेत.